मागच्यांसाठी थांबणारा

शहरात त्याला सगळे सारथी म्हणत. हे नाव कौतुकानं पडलं की टोमण्यानं, हे विचारायच्या भानगडीत तो कधी पडला नाही. तो शववाहिनी चालवायचा. लांबलचक काळी गाडी, मागे मोठी काच, आत फुलं आणि पुढे स्टिअरिंगवर पांढरे हातमोजे घालून बसलेला सारथी. शहरातलं जवळजवळ प्रत्येक घर कधी ना कधी त्याच्या मागून गेलं होतं. तरीही तो रस्त्यात दिसला की निम्म्या लोकांना अचानक समोरच्या दुकानात काहीतरी घ्यायचं आठवायचं. त्याला राग येत नसे. मला विचाराल तर यायला हवा होता. पण माणूसच तसा थंड.

कामानं त्याला हळू चालायला शिकवलं होतं. खड्डा दिसला की वळसा घालायचा, गतिरोधक आला की चाकं अशी चढवायची की आतलं एक फूल जागचं हलता कामा नये. ही सवय इतकी अंगवळणी पडली, की स्वतःची स्कूटर काढली तरी सायकलवाले त्याला मागे टाकून जायचे. "तुम्ही दूध आणायला गेलात की मी थेट दह्याचीच वाट बघते," असं बायको म्हणायची.

बायको पडदे शिवायची. नुसती शिवायची नाही, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन स्वतः टांगायचीही. दुसऱ्या कुणी टांगला तर चुण्या सारख्या पडत नाहीत, असा तिचा ठाम समज. अशीच एकदा उंच खिडकीशी शिडीवर चढली आणि चुण्या सारख्या करता करता मागे कलंडली. पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. चालता यायला लागलं, झोपता येत होतं, पण ताठ बसणं म्हणजे शिक्षा. पाव तास झाला की ओठ चावायची, अर्धा तास झाला की डोळ्यांत पाणी. दुकान बंद झालं. त्याचं दुःख तिनं कसंबसं गिळलं. गिळलं नाही ते ताईचं.

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. देशाच्या दुसऱ्या टोकाला, डोंगरांच्या पलीकडे राहायची. आई लवकर गेल्यावर हिच्या वेण्या तिनंच घातल्या, हिला सुईत दोरा ओवायला तिनंच शिकवलं. आता ताईचं हृदय कमजोर झालेलं. डॉक्टरांनी प्रवास सोडाच, जिनासुद्धा बंद केलेला. दोघींपैकी एकीनं तरी हलायला हवं होतं आणि दोघीही जागेला खिळलेल्या. दर रविवारी फोन व्हायचा. "कधी येतेस गं?" ताई विचारायची. "येते की," ही म्हणायची. मग एका रविवारी ताईनं विचारलंच नाही. पुढच्या रविवारीही नाही. पाऊसपाणी, औषधं, शेजारची मांजर असं सगळं बोलून झालं, पण तो प्रश्न काही आला नाही. बायकोनं फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "अहो, तिनं आशा सोडली."

माणसं आशा सोडतात तेव्हा पुढे काय होतं, हे सारथीला धंद्यानंच ठाऊक होतं.

विमान, रेल्वे, बस यांतलं काहीच जमणार नव्हतं. सगळीकडे ताठ बसणं आलं. बायकोकडून रोज व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली, "काकू, जवळजवळ आडवं होता येईल अशी सीट हवी, आणि हिसके न देणारी गाडी. वाटेत थांबत थांबत गेलात तर माझी हरकत नाही. पण डोंगरातले रस्ते बर्फानं बंद व्हायच्या आत जा."

झालं, गाड्यांचा शोध सुरू झाला. जुन्या गाड्यांच्या बाजारात बायको प्रत्येक गाडीत आडवी होऊन बघायची. एकीत कमरेखाली कडक पट्टी लागायची, एकीत पाय पुरायचे नाहीत, एक तर गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन येईस्तोवर हाडं खिळखिळी करणारी. एका विक्रेत्यानं गप्पांच्या ओघात विचारलं, "काका, कुठे असता कामाला?" सारथीनं सांगितलं. त्या गृहस्थानं खिशातून रुमाल काढला आणि आत्ताच सारथीनं धरलेलं स्टिअरिंग पुसलं. पुन्हा वर "धूळ फार हो" असं म्हणाला.

घरी आल्यावर बायकोनं बजावलं, "यापुढे नुसतं ड्रायव्हर आहे म्हणायचं. खोटं थोडंच आहे?"

आणि मग त्यांना डॉक्टरीणबाईंची गाडी सापडली.

बाई दातांच्या डॉक्टर. अर्ध्या शहरानं त्यांच्यापुढे आ वासला होता. आता दवाखाना बंद केलेला, नजर अधू झालेली, त्यामुळे गाडी चालवायचा परवानाही गेलेला. गॅरेजचं दार त्यांनी वर ढकललं आणि आतली गाडी बघून सारथीच्या तोंडून नकळत "अरे वा" बाहेर पडलं. गर्द हिरवी, दोनच दारांची, लांब नाकाची. जुनी होती, पण पोटच्या पोरीसारखी जपलेली.

"ही ग्रँड टूरर," बाई म्हणाल्या. "शर्यतीची गाडी समजू नका. वेग हिला आहे, पण तो मिरवायला नाही. सकाळी निघावं, दिवसभर पळावं आणि संध्याकाळी उतरताना माणूस ताजातवाना असावा, यासाठी बांधलेली गाडी आहे ही. मी आणि माझा धाकटा भाऊ सुट्टी लागली की हिच्यातून निघायचो. मी चालवायची आणि तो शेजारी बसून चुकीचे रस्ते सांगायचा."

लांब दार उघडलं, सीट मागे सरकली, पाठ खाली गेली. बायको आधी बाजूला टेकली, मग दोन्ही पाय आत घेतले आणि हळूच आडवी झाली. सारथी तिच्या ओठांकडे बघत राहिला. ओठ चावले गेले नाहीत. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "अहो, मला उठवू नका. जेवण इथेच आणून द्या."

बाई खळखळून हसल्या. डोंगरापलीकडे बायकोच्या बहिणीला भेटायला जायचंय, हे सारथीनं त्यांना सांगितलं. पण व्यवहार काही लगेच झाला नाही. बाईंची एक अट होती. गाडी घेणाऱ्यानं आधी त्यांना शेजारी बसवून चालवून दाखवायची; चालवणं पटलं तरच गाडी मिळणार. बरेच जण त्यांनी असे परत पाठवले होते. आता एक हॉटेलवाला मागे लागला होता. त्याला ती हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची होती. "त्याला मी संध्याकाळी उत्तर देणार आहे," बाई म्हणाल्या. "दारात उभी राहून गंजण्यापेक्षा पळालेली बरी. पण पळवणारा तर मिळायला हवा ना. तुम्ही काय करता?"

"ड्रायव्हर आहे," सारथी म्हणाला आणि खाली बघितलं.

बायकोला बाईंच्या दिवाणखान्यात कोचावर आडवं केलं आणि दोघं निघाले. जाताना सारथीनं मागे वळून पाहिलं. ती छताकडे बघत होती आणि दोन्ही हात छातीवर घट्ट धरले होते. बर्फ पडायला फार दिवस उरले नव्हते. ही गाडी हातची गेली तर दुसरी नव्हती.

गाडी सुरू झाली. इंजिनानं पोटातून हुंकार दिला. सारथीचा हात गिअरवर गेला आणि गाडी रस्त्याला लागली, ती त्याच्या नेहमीच्या चालीनं. गल्ली संपली, मोठा रस्ता आला, चाल तीच. पाठीवर पिशवी घेतलेल्या एक आजी फुटपाथवरून बराच वेळ त्यांच्या बरोबरीनं चालत होत्या. शेवटी त्या पुढे गेल्या.

"गाडीत काही बिघाड वाटतोय का?" बाईंनी विचारलं.

"छे हो. लोण्यासारखी चालतेय."

"मग चालवा की!"

पाय दाबायचा म्हणजे काय, हे सारथीच्या पायालाच आठवेना. उसनं अवसान आणून त्यानं जरासा वेग वाढवला, तेवढ्यात खड्डा दिसला, लगेच वळसा, पुन्हा तीच चाल. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढे हॉटेलवाला उभा राहिला असणार.

पुढे मोठा चौक होता. दिवा हिरवा होता, सारथी पार झाला. त्याची नजर आरशात गेली. बाईंच्या गल्लीपासून त्यांच्या मागे एक छोटी निळी गाडी येत होती. ती चौकात पोचायच्या आतच दिवा लाल झाला आणि ती पलीकडे अडकली. सारथीनं काय केलं, हे त्याला करून झाल्यावर कळलं. त्यानं गाडी अलगद कडेला घेतली, इंडिकेटर लावला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि आरशात बघत शांत थांबून राहिला. दिवा सुटला. निळी गाडी आली. तीत एक तरुण कानाला फोन लावून कुणाशी तरी भांडत होता. त्यानं यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि भुर्रकन निघून गेला.

"का थांबलात?" बाईंनी विचारलं.

सारथीला काहीतरी थाप मारता आली असती: टायरचा आवाज आला, तहान लागली. पण थापा मारणं हेही सवयीचं काम आहे, आणि ती सवय त्याला नव्हती.

"बाई, मी शववाहिनी चालवतो," तो म्हणाला. "मघाशी नीट सांगितलं नाही, चुकलंच माझं. आमच्यात मागच्या गाड्या तुटू द्यायच्या नसतात. कुणी सिग्नलला अडकलं तर पुढे कडेला थांबायचं, ते येऊन मिळालं की मग निघायचं. तशा वेळी माणसाला रस्ता सुचत नाही हो. ही गाडी तशी नाही, हे डोक्याला कळतंय, पण हातांना कळलं नाही." त्यानं गाडी बंद केली. "तुम्हाला हवं तर मी उतरतो. रिक्षानं जाऊ आपण. सीट पुसून घ्या, मला वाईट वाटणार नाही."

बाई काचेतून समोर बघत राहिल्या. सारथीला वाटलं, संपलं. आता घरी जाऊन बायकोला कोचावरून उठवायचं आणि तिच्या तोंडाकडे न बघता घरी न्यायचं.

"माझा भाऊ गेला तेव्हा," बाई म्हणाल्या, "मी याच गाडीत होते. एकटी. दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायचं नाही म्हणून हट्ट केला. रांगेत सगळ्यात शेवटी. सिग्नलला गाडी बंद पडली. सुरूच होईना. सुरू झाली तोवर पुढचं सगळं निघून गेलेलं. मला स्मशानाचा रस्ता माहीत नव्हता. मी त्या चौकात बसून लहान पोरीसारखी ओरडून रडले. मला वाटलं, तो माझ्याशिवायच जाणार. मग कशीबशी वळणावर आले तर काय, ती लांब काळी गाडी कडेला उभी. इंडिकेटर लावून. तिच्या मागे अख्खी रांग थांबलेली. कुणी हॉर्न वाजवत नव्हतं, कुणी काच खाली करत नव्हतं. मी येऊन शेवटी उभी राहिले, आणि मगच ती हलली." त्यांनी सारथीकडे तोंड वळवलं. "ते तुम्ही होता?"

सारथीनं खूप आठवून पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर गाडी तिथल्या तिथे मिळाली असती, हे त्यालाही कळत होतं.

"या शहरात मीच चालवतो, म्हणजे मीच असणार," तो म्हणाला. "पण मला आठवत नाही हो, बाई. मी सगळ्यांसाठीच थांबतो."

हे ऐकल्यावर बाईंचा बांध फुटला. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

आभार हा शब्द आपण फार करून सभेच्या शेवटी ऐकतो, तोही अर्धा हॉल चहाकडे गेल्यावर. घरात, रस्त्यात आपण तो तोंडातून काढत नाही; काढला तर परक्यासारखं वाटतं. पण बाईंनी सारथीचा हात धरला आणि स्पष्ट शब्दांत म्हटलं, "तुमचे आभार मानायचे राहून गेले होते. त्या दिवशी तुमच्याजवळ येणार होते, तर तुम्ही निघून गेला होता. नंतर वाटलं, अशा माणसाला शोधून काढून काय सांगायचं? पण खरं सांगते, तुम्ही थांबलात म्हणून मी त्याला पोचवू शकले. नाहीतर उरलेला जन्म मी त्या चौकातच काढला असता."

एवढ्या वर्षांत लोकांनी सारथीकडे पाठ फिरवली होती, नजर चुकवली होती, स्टिअरिंग पुसलं होतं. त्याच्या थांबण्याचा कुणाला उपयोग होतो का, हे त्यालाही कधी कळलं नव्हतं. तो नुसता मान हलवत राहिला.

"बरं," बाई नाक पुसून एकदम डॉक्टरीण झाल्या. "म्हणून गाडी मिळाली असं समजू नका. असं चालवून तुम्ही डोंगरापलीकडे पुढच्या वर्षी पोचाल. बायकोच्या बहिणीनं तोवर काय करायचं? चला, हायवेला घ्या."

हायवे मोकळा होता. सारथीची नजर सारखी आरशात.

"आरसा बघा, पण मागच्यांची काळजी करू नका," बाई म्हणाल्या. "त्यांना रस्ता माहीत आहे. ते सगळे आपापल्या घरी चाललेत. तुमच्या मागून कुणीही येत नाहीये. दाबा."

त्यानं दाबलं. गाडीनं नाक किंचित उचललं आणि निघाली. झाडं मागे पळायला लागली, दुधाचा टँकर मागे पडला, एक बस मागे पडली. सारथीनं आजवर कुणालाही मागे टाकलं नव्हतं. आधी त्याला अपराधी वाटलं. मग वाटेनासं झालं. मग तो हसायला लागला, आणि बाईही. "आता वळताना सोडा... हं, आता पुन्हा घ्या... अस्सं! दुखलं का काही?" त्या दाढ काढताना विचारावं तसं विचारत होत्या. गंमत म्हणजे त्या वेगातही त्याचा हात तोच होता. कुठे हिसका नाही, कुठे आचका नाही. बाईंच्या मांडीवरची पर्स सुरुवातीला होती तिथेच होती.

परत आले तेव्हा बायको कोचावर कान देऊन पडली होती. सारथी आत शिरला तशी म्हणाली, "तुम्ही होय! मला वाटलं हॉटेलवालाच आला. गाडी किती जोरात वळली!" मग तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि पुढचं काही विचारलं नाही. हात पुढे केला. त्यानं तो हातात घेतला आणि दोघांचा जीव एकदमच भांड्यात पडला.

बाईंनी हॉटेलवाल्याला फोनवर दोन वाक्यांत वाटेला लावलं. किल्ली देताना म्हणाल्या, "शेजारी बसणाऱ्यानं चुकीचे रस्ते सांगायचे, एवढा नियम मात्र पाळा."

बायकोनं तो मनापासून पाळला. आडवी पडल्या पडल्या तिला रस्ता दिसायचा नाही, नुसतं आभाळ आणि विजेच्या तारा. तरी "इथे डावीकडे असणार" म्हणायची. ती अखंड बोलायची. सारथीच्या गाडीत आजवर कुणी बोललं नव्हतं. सुरुवातीला तो दचकायचा, नंतर ती गप्प झाली की दचकायला लागला. ठरल्याप्रमाणे ते वाटेत थांबत होते. ती गाडीला धरून चार पावलं टाकायची, तो थर्मासमधला चहा ओतायचा. एका पेट्रोल पंपावर ती चालता चालता थांबली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत. मी कधी म्हटलं नाही, पण मला कळतं बरं का." त्यावर तो म्हणाला, "चहा गार होतोय." मात्र पुढचे कितीतरी मैल तो मनातल्या मनात तेच वाक्य घोळवत होता. बाईंना, व्यायाम घेणाऱ्या मुलीला, ही गाडी बांधणाऱ्या कुणा अनोळखी माणसांनासुद्धा तो मनोमन हात जोडत होता. असं भरभरून वाटण्याची त्याची पहिलीच वेळ होती.

डोंगरात गार वारा सुटला होता, माथ्यावर पांढरं दिसायला लागलं होतं, पण रस्ता उघडा होता. उतार संपला, सपाटीचा गाव आला, चुकीची दोन वळणं झाली आणि एका दुपारी गाडी ताईच्या फाटकासमोर उभी राहिली.

सारथी उतरला. वळसा घालून बायकोच्या बाजूला आला आणि दार उघडलं. ती कुशीवर वळली, पाय बाहेर काढले. त्यानं हात पुढे केला. "नको," ती म्हणाली, "ताई बघतेय." दाराच्या चौकटीला धरून ती उठली. क्षणभर डोळे मिटले, कळ गिळली, आणि चालायला लागली. ताई दारात खुर्ची टाकून बसली होती. तिला दगदगीची बंदी होती, पण ती उठलीच. दोघी बागेतल्या वाटेवर मधोमध भेटल्या. ताईनं आधी तिला पोटाशी धरलं, मग तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "वेणी कोण घालतं गं तुझी? किती वेडीवाकडी!" आणि मग दोघी रडल्या.

इकडे सारथी उघड्या दाराशी उभा होता. पाय जुळवलेले, हात पुढे एकावर एक, मान खाली. दार उघडल्यावर असंच उभं राहायचं, ही त्याची कामावरची रीत. लोक आपलं माणूस उचलून नेत, रडत, आत जात; आणि तो गाडीजवळ थांबे, सगळे गेले की दार लावून निघून जाई. त्यानं मान वर केली. त्याच्या गाडीतून उतरलेलं माणूस स्वतःच्या पायांनी चालत गेलं होतं आणि आता कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होतं.

"अहो, असे काय उभे राहिलात?" ताई तिथूनच ओरडली. "घरचे ना तुम्ही? आत या!"

सारथीनं डोळे पुसले, गाडीचं दार लावलं आणि आत गेला.